खाडी आडवी आली म्हणजे

नाताळची सुट्टी जवळ येऊं लागली म्हणजे मध्यम स्थितींतील कुटुंबांत जो एक ठराविक वाद सुरू होतो, तो आमच्याहि घरीं दरवर्षीं होतो. कोणास महाबळेश्वर हवें असतें, कोणास देवदर्शन घडावें असें वाटतें, आणि गृहिणीस बहुधा यांपैकीं कांहींच नको असून चार दिवस घरीं स्वस्थ बसावयास मिळावें एवढीच तिची इच्छा असते. मागें एका वर्षीं या वादांत एक नवाच पक्ष उभा राहिला. महाविद्यालयांत शिकणारा माझा भाचा पाठीवर बांधावयाची एक भली मोठी पिशवी घेऊन दारांत उभा राहिला व म्हणाला, "मामा, यंदां आपण कोंकणच्या किनाऱ्यानें पायीं चालत जाऊं. बिऱ्हाड पाठीवर, दिवस मावळेल तेथें मुक्काम. तुम्ही तीस वर्षें मुलांना कोंकणचा इतिहास शिकवितां, पण त्यांतलें किती पायांखालीं घातलें आहे?"

हा शेवटचा प्रश्न मला लागला. पाठीवर ओझें घेऊन समुद्रकांठानें हिंडण्याची ही हौस १९६० नंतर परदेशी तरुण मंडळी गोव्याच्या पुळणींवर येऊं लागलीं, त्यांच्याकडून आमच्या मुलांस लागली असावी. पायीं चालणें आपल्यास नवें नाहीं. वारकरी चालतो, नर्मदेची परिक्रमा करणारा चालतो. आणि १८५७ सालीं वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानांत गेले, ते दक्षिणा मिळेल व घरचें कर्ज फिटेल या आशेनें चालत गेले. पण पुण्य नको, पैसा नको, केवळ सुट्टी घालवावयाची म्हणून उन्हांतून दहा-बारा दिवस पायपीट करणें हें आमच्या वाडवडिलांस खुळेपणाचेंच वाटलें असतें. मला स्वतःलाहि तें थोडेंसें तसेंच वाटत होतें. तरीहि मी निघालों. रेवदंड्यापासून जयगडपर्यंत बारा दिवस आम्ही चाललों. त्या चालण्यांत माझ्या एका समजुतीला जो धक्का बसला, त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

नकाशावर कोंकणचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे जवळजवळ सरळ उतरलेला दिसतो. त्यावर चौल, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, जयगड हीं नांवें एखाद्या दोऱ्यांत ओंवल्यासारखीं एकाखालीं एक येतात. वर्गांत मी तीं तशींच म्हणवून घेत आलों. म्हणून किनारा ही एक वाट आहे आणि हीं गांवें त्या वाटेवरचे मुक्काम आहेत, असें माझ्या मनांत न कळत बसलेलें होतें. चालूं लागल्यावर निराळाच अनुभव आला. दोन-तीन मैल पुळण लागते. मग डोंगराची सोंड समुद्रांत उतरलेली असते. ती चढून वर जावें तों जांभ्या दगडाचा उघडा सडा. सडा उतरून खालीं यावें तों नारळी-पोफळींच्या आगरांतून जाणारी पाखाडी. आणि पाखाडी संपली कीं पुढें पाणी. पलीकडचें गांव समोर दिसत असतें. तेथील देवळाचा कळस दिसतो, वाळत घातलेलीं जाळीं दिसतात, वारा अनुकूल असला तर कोंबडा आरवलेलाहि ऐकूं येतो; पण तर मिळेपर्यंत तेथें जातां येत नाहीं. सभोंवार फिरून जावें म्हटलें तर खाडीच्या मुखापासून दिवसभर आंत चालावें तेव्हां कोठें पहिला उतार लागावयाचा.

या किनाऱ्यावर चालणाऱ्याचें वेळापत्रक समुद्र ठरवितो. ओहोटी असली कीं ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते व तीवरून झपाझप चालतां येतें. भरतीला तोच रस्ता नाहींसा होतो आणि कोरड्या वाळूंत पाऊल घोट्यापर्यंत रुततें. आम्ही निघालों त्या दिवशीं शुद्ध अष्टमी होती. मुरूडच्या अलीकडे एका कोळ्यानें भाच्याला हिशेब शिकविला: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून सकाळीं सहाला व संध्याकाळीं सहाला भरती, आणि ऐन दुपारीं ओहोटी. मुंबईपासून जसजसें खालीं जावें तसतसा हा हिशेब थोडा मागेंपुढें होतो. पण पायीं चालणाऱ्यास तेवढा पुरतो. अष्टमीला पाणी फार चढत नाहीं व फार उतरतहि नाहीं, त्याला भांग म्हणतात, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. ज्या घड्याळावर माझ्या भाच्याचा सर्व विश्वास होता, तें त्यानें तिसऱ्या दिवसापासून पिशवींत टाकलें व तो तिथि विचारूं लागला. आमच्या घरांतील कोणत्याहि वडील माणसास हें त्याच्याकडून साधलें नव्हतें.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. रेवदंडा हा जुन्या चौलचाच समुद्राकडील भाग. पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पोथींत 'सेमुल्ल' म्हणून जें बंदर येतें तें हेंच, असें बहुतेक विद्वान् मानतात. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास येथें आला, तेव्हां त्यास मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आढळली. पण चौलच्या पाहुण्यांपैकीं मला सर्वांत जवळचा वाटतो तो रशियन व्यापारी अफानासी निकितिन. तो १४६९ च्या सुमारास एक घोडा गलबतांत घालून या बंदरीं उतरला. घोडा विकून चार पैसे मिळवावे एवढाच त्याचा हेतु. त्याचा आतां रेवदंड्यास स्मारकस्तंभ आहे. चौलहून तो पायीं निघाला, आठ दिवसांनीं पालीस पोंचला, पुढें घाट चढून जुन्नरास गेला व पावसाळा त्यानें तेथें काढला. जुन्नरच्या खानानें त्याचा घोडा हिसकावून घेतला व मुसलमान होशील तर परत देईन म्हणून सांगितलें. घोडा अखेर मिळाला, धर्महि राहिला. बहामनी राज्यांत दोन-तीन वर्षें हिंडून तो परत समुद्राकडे आला, आणि स्वदेशीं जाण्यासाठीं जहाजांत बसला तो दाभोळास.

हें सारें मीं पूर्वींहि वाचलें होतें. पण त्यांतील मर्म पुळणीवर चालत असतांना ध्यानांत आलें. निकितिन चौलास उतरला आणि दाभोळाहून गेला. परंतु चौलहून दाभोळास तो किनाऱ्यानें कधींच गेला नाहीं. चौलची खाडी धरून तो घाटावर चढला आणि दाभोळच्या खाडीकडे घाटावरून उतरला. त्या काळचा शहाणा मनुष्य असाच जावयाचा. कोंकणचा रस्ता उत्तर-दक्षिण नव्हताच. तो पूर्व-पश्चिम होता. एकेक खाडी म्हणजे एकेक रस्ता. तिच्या मुखाशीं किल्ला, भरतीचें पाणी जेथपर्यंत पोंचतें तेथें पेठ, आणि पेठेच्या पाठीशीं घाट. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट, माथ्याशीं महाड. वासिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ, माथ्याशीं चिपळूण व तेथून कुंभार्ली. शास्त्रीच्या मुखाशीं जयगड, आंत संगमेश्वर. राजापुरास इंग्रजांनीं सतराव्या शतकांत वखार घातली ती समुद्रकांठीं नव्हे, खाडीच्या आंत दूर. राजपुरीच्या खाडीच्या पोटांत मांदाडजवळ कुडें येथें लेणीं आहेत. महाडजवळ गांधारपाल्यास आहेत. त्या भिक्षूंनीं जागा निवडल्या त्या एकांतासाठीं खऱ्या, पण व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेनें जात त्या वाटेपासून फार लांबहि नव्हे.

म्हणजे आम्ही ज्या दिशेनें चाललों होतों ती दिशाच इतिहासाला आडवी होती! एका रस्त्याच्या तोंडाकडून दुसऱ्या रस्त्याच्या तोंडाकडे आम्ही जात होतों, आणि म्हणूनच प्रत्येक खाडीपाशीं आम्हांस थांबावें लागत होतें. खाडी ही आंत जाणाऱ्यास वाट असते व आडवें जाणाऱ्यास भिंत. या दोन शब्दांत कोंकणच्या किनाऱ्याचा पुष्कळसा इतिहास बसतो असें मला वाटूं लागलें आहे.

या पाण्याची माहिती नसणाऱ्याची काय गत होते, याचें उदाहरण चौलच्याच मुखाशीं घडलें. १५०८ च्या मार्चमध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मैदा येथें मिसरी व गुजराती आरमाराच्या कचाट्यांत सांपडला. निसटून जातां जातां त्याचें जहाज कोळ्यांनीं मासळीच्या जाळ्यांसाठीं पाण्यांत रोवलेल्या खुंटांत अडकलें. तें तेथेंच बुडालें व तो मारला गेला. त्या वर्षाच्या अखेरीस बापानें सूड घेतला तो ज्यांनीं मुलास मारलें त्यांच्यावर प्रथम नव्हे, तर दाभोळवर. तें गांव त्यानें जाळलें व बायकापोरांसकट कत्तल केली. मुलगा एका खाडीच्या तोंडाशीं मेला आणि त्याचें मोल दुसऱ्या खाडीच्या तोंडावरील निरपराध्यांनीं दिलें.

कुंडलिकेवर आतां पूल आहे, त्यामुळें कोर्लईस आम्ही पायींच गेलों. कोर्लईचा किल्ला १७४० मध्यें पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. पण किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणारे ख्रिस्ती शेतकरी तेथेंच राहिले. ज्यांची भाषा ते बोलत ते मालक निघून गेले. भाषा मात्र मागें राहिली. मराठीच्या सहवासानें तिचें रूप पालटलें, वाक्यरचना बदलली, तरी ती पोर्तुगीजच्या कुळांतीलच आहे व तिला ते 'नॉ लिंग', म्हणजे आपली बोली, म्हणतात. एवढ्याशा वस्तीची बोली अडीचशें वर्षें टिकावी याला एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी व मागें डोंगर हेंच मुख्य कारण. १९८६ च्या सुमारास पूल झाला. तेव्हांपासून मुलें रेवदंड्याच्या बाजूस शिकावयास व कामास सहज जाऊं लागलीं. आम्हांला जिनें पाणी दिलें ती बाई आमच्याशीं मराठी बोलली, ओट्यावरच्या म्हातारीशीं आपल्या बोलींत बोलली, आणि आपल्या मुलाशीं मराठींत. भाचा म्हणाला, "मामा, भिंत पडली." मीं उत्तर दिलें नाहीं.

जंजिऱ्याविषयीं सविस्तर लिहिण्याचें कारण नाहीं. ज्यानें त्याविषयीं वाचलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. शिवाजीमहाराजांना तो मिळाला नाहीं. समोर पद्मदुर्ग बांधून झाला तरी मिळाला नाहीं. संभाजीराजांनीं १६८२ मध्यें समुद्र भरून काढून वाट करावयास घेतली, तीहि अर्धीच राहिली. सिद्दीचें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. शाळेंत याचें कारण आम्ही तटाची उंची व तोफांचा पल्ला असें सांगतों. पण आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या तरीची वाट पाहत दीड तास बसल्यावर मला वाटलें कीं हें उत्तर अपुरें आहे. राजपुरीच्या खाडीच्या दोन्ही कांठांवर एकाच वेळीं सैन्य उभें करून त्यांची एकमेकांशीं गांठ राखणें ज्याला साधेल, त्यालाच तो किल्ला मिळावयाचा. आमच्या फौजा जमिनीवर अजिंक्य होत्या. येथें जमीन मधेंच संपत होती.

आतां सावित्री. हरिहरेश्वराहून आम्ही बागमांडल्यास उतरलों तेव्हां चार वाजले होते. तर पलीकडे वेसवीस गेलेली होती. समोर बाणकोटचा किल्ला, त्याच्या उजवीकडे वेळासचा डोंगर. आम्ही उभे होतों ती बाजू सिद्दीची, समोरची नव्हे. श्रीवर्धनचे देशमुख असलेले बाळाजी विश्वनाथ भट यांच्यावर, ते आंगऱ्यांस सामील आहेत असा सिद्दीला संशय आला. त्यांच्या जानोजी नांवाच्या भावास गोणत्यांत घालून समुद्रांत बुडविलें, आणि बाळाजी खाडी उतरून वेळासास भानूंच्या आश्रयास आले, असें परंपरा सांगते. पुढें भानूंसह ते घाटावर गेले. १७१३ मध्यें बाळाजी पेशवे झाले. भानूंच्याच कुळांत नाना फडणीस जन्मले. या परंपरेंतील प्रत्येक तपशील कागदोपत्रीं सिद्ध करतां येईल असें मी म्हणत नाहीं. पण ती खाडी पाहिल्यावर कथा खोटी वाटेना. अर्ध्या तासाचें पाणी. अलीकडे मरण, पलीकडे आश्रय. पुढील शंभर वर्षांचा मराठ्यांचा इतिहास त्या संध्याकाळीं एका होडींत मावत होता. होडी कोणाची होती, वल्हें कोणी मारलें, हें मात्र परंपरेनें जपून ठेवलेलें नाहीं.

मी हें सर्व भाच्यास रंगवून सांगत होतों. धक्क्यावर आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई टोपली घेऊन बसली होती. ती वेसवीकडे मुलीच्या घरीं चालली होती. माझें बोलणें संपल्यावर ती म्हणाली, "दादा, तुम्हांला ही खाडी बघायला बरी वाटते." मग तिनें आपली गोष्ट सांगितली. तिची थोरली सून पहिलटकरीण. रात्रीं अडली. त्या वेळीं ही मोटारी नेणारी मोठी तर नव्हती, शिडाची होडी होती. ओहोटी लागलेली, होडी चिखलांत. नावाडी म्हणाला, पाणी चढेपर्यंत ती हलणार नाहीं. पलीकडे दिवे दिसत होते. पहांटेस पाणी चढलें तेव्हां नेण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. "मूल पण गेलं," ती म्हणाली, आणि तर येत होती म्हणून टोपली उचलून उभी राहिली.

तर आली. आम्ही चढलों. त्या वीस मिनिटांत मी भाच्याशीं कांहीं बोललों नाहीं, व त्यानेंहि मला बाणकोटविषयीं कांहीं विचारलें नाहीं.

वेळासचीं कांसवें, केळशीची वाळूची टेकडी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपति यांविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे. मी एकदम हर्णैस येतों, कारण तेथें मघांच्या कथेचा उत्तरार्ध समुद्रांत उभा आहे. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून इतका जवळ दिसतो कीं दगड मारला तर लागेल. १७५५ च्या एप्रिलमध्यें इंग्रजांचा कमोडोर जेम्स यानें तो तुळाजी आंगऱ्यांकडून घेतला, आणि त्या मोहिमेंत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूला होती. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत विजयदुर्ग पडला, त्या वेळीं आंगऱ्यांचें आरमार बंदरांतच जळून खाक झालें. या भागीदारींत इंग्रजांस बाणकोट मिळालें व त्यांनीं त्याचें नांव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलें. जेम्सच्या विधवेनें १७८४ मध्यें लंडनजवळ एका टेकडीवर नवऱ्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला; त्याला सुवर्णदुर्गचेंच नांव, इंग्रजी जिभेला वळलें तसें, दिलेलें आहे.

बाळाजी विश्वनाथांनीं १७१४ मध्यें कान्होजी आंगऱ्यांशीं तह केला, आणि तोहि लढाई न करतां. खाडीकांठच्या मनुष्यानें खाडीकांठच्या मनुष्याचें मन ओळखलें. त्यानंतर बेचाळीस वर्षांनीं त्यांच्याच नातवानें परक्यांच्या मदतीनें तें आरमार बुडविलें. तुळाजी उन्मत्त झाला होता, पेशव्यांचीं गलबतें लुटीत होता, हें मला ठाऊक आहे. नानासाहेबांचा पक्ष मांडणाऱ्या विद्वानांचे ग्रंथहि मीं वाचले आहेत. तरी माझें मत असें आहे कीं घाटावर वाढलेल्या तिसऱ्या पिढीस समुद्र हा देशाचा दरवाजा न वाटतां देशाची सरहद्द वाटूं लागला होता. सरहद्दीवरचा पुंड दुसऱ्याकडून मारविला तर बिघडलें काय, असा तो विचार. दरवाज्यावरील रखवालदाराविषयीं कोणी असा विचार करीत नाहीं. आमच्या इतिहासलेखकांनीं, आणि माझ्यासारख्या मास्तरांनीं, कोंकण बहुधा घाटमाथ्यावरूनच पाहिलें. म्हणून आम्हांला किल्ले दिसले, खाड्या दिसल्या नाहींत.

दाभोळास आम्ही आठव्या दिवशीं पोंचलों. विजापूरकरांच्या काळची मशीद अजून पाण्याच्या कांठीं उभी आहे व तिचा घुमट सुरेख आहे. एरवीं निकितिनाचें तें विख्यात बंदर आतां एक शांत गांव झालें आहे. खाड्या गाळानें भरत गेल्या, आगबोटी मोठ्या होत गेल्या, आणि आंतल्या पेठांपर्यंत गलबतें जाणें हळूहळू बंद पडलें. तेव्हां शेंकडों वर्षांची पूर्व-पश्चिम वाट मोडली व प्रथमच उत्तर-दक्षिण वाट सुरू झाली; पण तीहि समुद्रावर. मुंबईच्या गिरणींत व कचेरींत गेलेला कोंकणी मनुष्य शिमग्याला, गणपतीला व मे महिन्यांत आगबोटीनें घरीं येऊं लागला. या किनाऱ्यावर सुट्टी घालवावयास येणारा पहिला प्रवासी तो. पाठीवर ओझें त्याच्याहि असे, पण त्यांत मुलांचीं परकरपोलकीं आणि आईसाठीं लुगडें. बोट बंदराबाहेर उभी राहावयाची, पडाव लागावयाचे, आणि पडावांतून गुडघाभर पाण्यांत खलाशांच्या खांद्यावर बसून बायकामाणसें किनाऱ्यास यावयाचीं. माझी आजी दाभोळास अशीच उतरत असे. ती सांगे कीं बोटीच्या शिडीवरून पडावांत पाय टाकतांना ती दरवेळीं कुलदेवतेस ओटी बोलत असे, आणि पावसाळ्याच्या तोंडीं दोन.

हा नवस उगाच नव्हता. १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' व 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच तुफानांत बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येस, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेंत कलंडली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. रेवसकडच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या घालून कित्येकांना पाण्यांतून काढलें. स्वातंत्र्याला तेव्हां एक महिनाहि उरला नव्हता. समुद्राची वाट किती चांगली होती असें आज जे आम्ही सुट्टींतले प्रवासी म्हणतों, त्यांनीं ती तिथि ध्यानांत ठेवावी. आगबोटी आतां बंद होऊन एक पिढी लोटली. कोंकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सबंध चालूं झाली. पण तीहि, मुंबई-गोवा रस्त्याप्रमाणेंच, आंतून जाते, जेथें खाड्या अरुंद होतात तेथून. किनाऱ्यावरच्या माणसाला तरीशिवाय गत्यंतर राहिलें नाहीं. २००३ मध्यें दाभोळ व धोपावें यांच्यामध्यें मोटारी नेणारी मोठी तर सुरू झाली, मग इतर खाड्यांवरहि झाल्या, आणि पुष्कळ गांवांचा दिवसभराचा वळसा वांचला.

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानेंच मोठा रस्ता न्यावा ही योजना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतांना, १९८० ते १९८२ च्या काळांत, पुढें आली. तिला मुहूर्त लागावयास बरीच वर्षें गेलीं. कित्येक खाड्यांवर पूल झाले, कित्येकांचीं कामें निघालीं आहेत. हे सर्व पूल पुरे झाले म्हणजे आम्ही ज्या दिशेनें बारा दिवस धडपडत गेलों, त्या दिशेनें या किनाऱ्याच्या इतिहासांत प्रथमच सलग जमीन होईल. मोटारवाला रेवदंड्याहून सकाळीं निघून दिवस मावळावयाच्या आंत जयगडास चहा घेईल. बागमांडल्याच्या धक्क्यावरील त्या बाईसारख्या बाईला भरतीची वाट पाहावी लागणार नाहीं. एवढ्यासाठींसुद्धां हे पूल उद्यां व्हावयाचे ते आज व्हावे. मी त्यांच्या विरुद्ध एक अक्षरहि लिहिणार नाहीं. फक्त एवढें नोंदवून ठेवतों कीं पुलावरून जाणाऱ्यास खाली पाणी दिसेल, खाडी दिसणार नाहीं. जंजिरा कां पडला नाहीं, बाळाजी कां वांचले, कोर्लईची बोली कां टिकली, हें त्याला पुस्तकांतून समजून घ्यावें लागेल. आणि पुस्तकें माझ्यासारख्यांनीं लिहिलेलीं असतील.

गुहागर, पालशेत, हेदवी करीत बाराव्या दिवशीं आम्ही तवसाळास आलों. समोर जयगडचा तट, त्याच्या पलीकडे नव्या बंदराच्या उंच याऱ्या व विजेच्या केंद्राचीं धुराडीं. माझे पाय सुजले होते व भाच्याच्या पिशवीचा एक पट्टा तुटून सुतळीनें बांधलेला होता. वद्य चतुर्थी होती. भाच्यानें बोटांवर हिशेब केला: चारची पाऊणपट तीन, तीन वाजतां भरती, म्हणजे आतां पाणी चढतें आहे, तर वेळेवर सुटेल. त्यानें तें मोठ्या ऐटींत तरीवरील तांडेलाला ऐकविलें. तांडेलानें एकदां पाण्याकडे पाहिलें, एकदां आपल्या मनगटावरील घड्याळाकडे पाहिलें.

"हिशेब बरोबर आहे तुझा," तो म्हणाला. "पण ही इंजिनाची. हिला तिथि लागत नाहीं. बसा."